खंडेनवमीची तपासणी

अडतीस पाट्या एकापाठोपाठ एक वर्गात आल्या, आणि अडतीसही पाट्यांवर सरस्वती बसलेली होती.

पद्मा दारात उभी राहून मोजत होती. पहिल्या पाटीवर हळदकुंकू, कोपऱ्यात झेंडूची पाकळी आणि मधोमध एकच्या आकड्यांची सरस्वती. दुसरीवर तेच, तिसरीवर तेच. दहावी पाटी येईपर्यंत तिला हा योगायोग वाटत होता. विसावीनंतर तिने तो नियम म्हणून मान्य केला.

"अगं, हे काय करून आणलंत?"

"तुम्हीच तर सांगितलं ना, बाई!" दुर्गा म्हणाली. वर्गात उत्तर आधी आणि प्रश्न मागून यावा, अशी दुर्गाची घाई असे. "पाट्या स्वच्छ धुवा, कोळसा घासून एकदम काळ्या करा, आणि उद्या सांभाळून आणा. आई म्हणाली, खंडेनवमीला आणखी कशासाठी धुवायला सांगतील?"

दुर्गाच्या आईच्या तर्कात पद्माला चूक सापडेना. तिने सांगितलं होतं ते तपासणीसाठी. पण वाक्य जसंच्या तसं घरी पोचलं आणि घराघरांतल्या आयांनी त्यातून जे अनुमान काढायचं तेच काढलं. दसरा रविवारी, शाळेला सुट्टी, म्हणजे पाटीपूजन आज.

"एक तरी कोरी आहे का?"

"शामलाची होती," तीनचार मुली एकदम म्हणाल्या.

"होती म्हणजे?"

शामलाने पाटी पुढे केली. तिच्यावरची सरस्वती बाकीच्यांपेक्षा उंच, ताठ आणि सावधान पवित्र्यात उभी होती. मागून शाळेचे शिपाई कान्होजीमामा खुलासा द्यायला आले. ते तीस वर्षं संस्थानच्या पलटणीत होते. पलटण विलीन झाली तेव्हा ते शाळेत आले.

"पोरगी फाटकाशी रडत बसली होती, बाईसाहेब. सगळ्यांच्या पाटीवर देवी, हिच्याच नाही. मी फटाफट काढून दिली. तुम्ही फिकर नका करू."

साडेनऊ वाजले होते. साडेदहाला निरीक्षकसाहेब येणार होते, आणि प्रत्येक मुलीने पाटीवर पाच लेखी उदाहरणं सोडवायची, असं हुकमात स्पष्ट लिहिलं होतं.

हा हुकूम म्हणजे पद्माचा महिनाभराचा घोर होता. आठ वर्षांपूर्वी ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात मिसळलं. आता एक नोव्हेंबरला मध्यभारत मध्यप्रदेशात मिसळणार होता. ज्या शिक्षिका तोवर कायम होतील त्यांची नावं भोपाळच्या यादीत जातील, ज्या तात्पुरत्या असतील त्यांची नेमणूक एकतीस ऑक्टोबरला संध्याकाळी आपोआप संपेल. पद्मा तात्पुरती होती. तिच्या नावाची तपासणी लांबत लांबत शेवटच्या दिवसावर आली होती; यादी आज दुपारी दोनच्या टपालाने जाणार होती.

व्हिक्टोरिया कॉलेजातून बी.एस्सी. झाल्यावर ती इथे आली ती सहा महिने काढायला. पुढे शिकायचं होतं, प्रयोगशाळेत काम करायचं होतं. पण चौथीच्या वर्गात तिला एक वेगळीच प्रयोगशाळा सापडली. मुली चुकतात, पण मन मानेल तशा चुकत नाहीत, हे तिच्या लक्षात आलं. प्रत्येक चुकीला आतून काहीतरी कारण असतं. तिने एक वही केली. तीन रकाने आखले: नाव, चूक, संभाव्य कारण. दोन वर्षांत वही भरत आली होती आणि ती अर्धवट सोडायच्या विचाराने तिला झोप लागत नव्हती. घरी नाना म्हणत, "कायम झालीस तर राहा नोकरीत, नाहीतर दिवाळीनंतर आपण तुझं बघायला लागू." 'बघणं' म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं.

ती मुख्याध्यापिका इंदुताईंकडे धावली.

"ताई, पाट्यांवर लिहिता येणार नाही. फळा वापरू?"

इंदुताईंनी हात पुसले. त्यांच्या मागे फळ्यावर सहा फुटी सरस्वती नुकतीच पुरी झाली होती. "कशी आलीय? सकाळी सातपासून लागलेय. मान तर एकदम जमून आली."

"सुंदर आहे. मग कागद? दौत, टाक?"

इंदुताईंनी व्हरांड्याकडे बोट दाखवलं. तिथे टेबलावर लाल अलवान घालून शाळेची सगळी हत्यारं मांडली होती. हजेरीपुस्तकं, दौती, टाक, खडूची पेटी, पट्ट्या, पृथ्वीचा गोल, आणि अगदी कडेला कान्होजीमामांचा घंटा वाजवायचा हातोडा. सगळ्यांना गंध, सगळ्यांना फूल. मधे पद्माची चुकांची वहीसुद्धा होती. तिच्यावर दोन अक्षता जास्तच पडल्या होत्या.

"नाक्यावरून चार पेन्सिली आणते," पद्मा म्हणाली.

"आणशील गं. पण खंडेनवमीला पूजेत ठेवलेलं हत्यार उद्यापर्यंत उचलायचं नसतं, आणि दुसरंही हातात घ्यायचं नसतं. आज पोरींच्या हातात तू लेखणी दिलीस तर सोमवारी अडतीस आया फाटकात उभ्या राहतील. त्यांना तू उत्तर देशील की मी?"

"पण ताई, माझी नोकरी!"

इंदुताईंचा चेहरा उतरला. त्यांना खरोखर आठवलं नव्हतं. गेली बावीस वर्षं त्यांनी याच दिवशी याच फळ्यावर सरस्वती काढली होती. त्या काळात दरबार गेला, राज्य आलं, आता तेही जाणार होतं, आणि सरस्वतीची मान या वर्षी पहिल्यांदा मनासारखी आली होती. "तोंडी घे," त्या हळूच म्हणाल्या. "तुझा तो खेळ आहे ना, पानांचा."

तो खेळ तपासणी संपल्यावर, मुलींना खाऊसारखा द्यायचा होता. वर्षभराचं गणित दसऱ्याच्या निमित्ताने एकदा घोळून घ्यावं म्हणून पद्माने पिवळ्या कागदाची पानं कापली होती. इकडे सोनं म्हणून शमी वाटतात, पण शमीचं पान इतकं बारीक की त्यावर शून्यसुद्धा मावत नाही. म्हणून तिने वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातलं आपट्याचं पान पाहून आकार घेतला होता. अकरा ते एकोणतीस, प्रत्येक आकड्याची सहा पानं. एकूण एकशे चौदा. अडतीस मुलींना प्रत्येकी तीन. हिशेब इतका बिनबाकीचा बसला होता की त्या रात्री ती स्वतःवरच खूश होऊन झोपली होती.

नियम सोपा. दोघींनी समोरासमोर यायचं, एकेक पान उघडायचं. एकीने ओरडायचं: बेरीज, वजाबाकी, नाहीतर गुणाकार. जी आधी बरोबर उत्तर देईल तिने दोन्ही पानं लुटायची. शेवटी जिच्याकडे जास्त सोनं ती पहिली.

साडेदहाला मानसिंगराव आले. वय पन्नाशीच्या पुढे, मिशा फौजी, कोट जुन्या दरबारी थाटाचा आणि हातात नव्या राज्याचा छापील फॉर्म. कान्होजीमामांनी फाटकातच खाडकन सलाम ठोकला.

"साहेब, आयुध?"

"काय?"

"खंडेनवमी आहे, हुजूर. शाळेची सगळी आयुधं मांडलीत. आपलं पण ठेवावं म्हणतो."

मानसिंगरावांनी कोटाच्या खिशातून काळं फौंटनपेन काढून कान्होजीमामांच्या तळहातावर ठेवलं. "आजोबा तलवार ठेवायचे, वडील बंदूक. आमचं आता हेच," ते म्हणाले. पेनाला गंध लागलं, फूल लागलं, आणि मानसिंगरावांनी त्याला मनापासून हात जोडले.

पद्माला ते दृश्य आवडलं. साहेबाला रीतभात आहे, म्हणजे पाट्यांचं कारण त्याला समजेल, एवढाच निष्कर्ष तिने त्यातून काढला. आणखी एक निष्कर्ष निघत होता, पण तो तिला सुचला नाही.

पाट्यांचं कारण साहेबांना समजलं. त्यांनी अडतीस सरस्वत्यांकडे पाहिलं, शामलाच्या पाटीपुढे जरा जास्त थांबले, आणि फॉर्मकडे पाहून उसासा टाकला. "फॉर्ममध्ये लेखी लिहिलंय. पण मुलींच्या विद्येवर ओलं फडकं फिरवा, असं सांगायची हिंमत माझ्यात नाही. घ्या तुमचा खेळ. प्रत्येक मुलगी मला स्वतः तपासायची आहे, एवढं ध्यानात ठेवा."

खेळ सुरू झाला. पहिली दोन मिनिटं तो पद्माने आखला होता तसा चालला. वर्गभर 'बेरीज!', 'गुणाकार!' असे आवाज उठत होते. दुर्गाने सत्तावीस आणि चौदाची बेरीज एक्केचाळीस सांगून शामलाचं पान लुटलं. पान हातात आल्यावर ते घेऊन ती थेट साहेबांच्या खुर्चीपाशी गेली, पान त्यांच्या हातात ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा."

मानसिंगरावांचा चेहरा उजळला. "शहाणी हो!"

"दुर्गा, सोनं स्वतःपाशी ठेवायचं," पद्मा घाईने म्हणाली. "जास्त सोनं ज्याच्याकडे, तो जिंकला."

दुर्गाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू बाईंना शिकवायची वेळ आता आपल्यावर आली आहे. "बाई, सोनं स्वतःपाशी कोण ठेवतं? सोनं तर मोठ्यांना द्यायचं असतं."

"पण दसरा उद्या आहे."

"उद्या साहेब कुठे येणार?"

वर्गाला ते पटलं. दुर्गाला आशीर्वाद मिळाला होता आणि उरलेल्या सदतीस जणींना मिळाला नव्हता, हा अन्याय फार काळ टिकणारा नव्हता. रांग लागली. मुली पानं देत होत्या, वाकत होत्या, साहेब "मोठी हो", "शाबास", "दीर्घायुषी हो" म्हणत होते. कुणी एक पान देऊन परत जाई, आशीर्वाद वेगळा मिळाला तर बघावा म्हणून दुसरं घेऊन येई. घंटा वाजवून हे थांबवता आलं असतं. पण घंटेचा हातोडा अलवानावर फूल घालून निजला होता.

साहेबांच्या मांडीवर पिवळा ढीग झाला. मुलींचे हात रिकामे झाले. पद्माने मनात मोजलं: एकशे चौदा उणे एकशे चौदा. दोन वर्षं शिकवलेल्या गणितातून तपासायला एक पानसुद्धा शिल्लक नव्हतं. तेवढ्यात शामलाने, जी वर्षभरात एकूण सहा प्रश्न विचारत असे, सातवा विचारला.

"बाई, म्हणजे साहेब पहिले आले?"

पद्माला खोटं बोलता येत नसे. "नियमाप्रमाणे… हो."

वर्ग हसला. कान्होजीमामा दारात उभे होते, त्यांनी छताकडे बघितलं. पद्माला वाटलं, आता साहेब उठतील. पण मानसिंगराव लाल होऊन ताठ बसले आणि म्हणाले, "असं फुकटचं सोनं आमच्याकडे कुणी घेत नाही. लुटून घ्यायचं असतं ते. मी दोन पानं उघडतो, एकेकीने समोर या, आणि माझ्याकडून जिंकून परत न्या. चला!"

अर्थात पहिली दुर्गा आली. साहेबांनी सतरा आणि तेवीस उघडले.

"गुणाकार!" दुर्गा म्हणाली.

मानसिंगरावांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला. मग दुसऱ्या खिशाकडे. मग तो तसाच हवेत राहिला, कारण पेन कुठे आहे ते त्यांना आठवलं. सतरा तेविसे हवेत करायची वेळ त्यांच्यावर बऱ्याच वर्षांत आली नव्हती. ओठ हलले, भुवया वर गेल्या, एक बोट मांडीवर काहीतरी लिहू लागलं.

"तीनशे एक्याण्णव," दुर्गा म्हणाली.

"एवढ्यात? आधीच पाठ होतं तुला."

"पाठ कशाला करायचं? सतरा म्हणजे विसाला तीन कमी, तेवीस म्हणजे विसाला तीन जास्त. वीस विसे चारशे, त्यातून तीन त्रिक नऊ काढून टाकले. झालं ना."

मानसिंगरावांनी पद्माकडे पाहिलं. "हे असं नेहमी होतं?"

"विसापासून दोन्ही सारख्या अंतरावर असतील तर, साहेब."

"नेहमी?"

"नेहमी."

साहेबांनी ढिगातून शोधून चोवीस आणि सोळा काढले. समोर एक घाबरलेली मुलगी उभी होती, तिने 'गुणाकार' म्हणायच्या आतच ते ओरडले, "चारशेतून सोळा गेले, तीनशे चौऱ्याऐंशी!" आणि आनंदाने मांडीवर थाप मारली. मग नऊ वर्षांच्या पोरीला हरवल्याचं त्यांच्या लक्षात आलं. ते ओशाळले आणि तिला लगेच दुसरी दोन पानं दिली.

पुढचे दोन तास तपासणी चालली, की आणखी काय, ते सांगणं कठीण. साहेबांनी कोट काढून खुर्चीला टांगला. मुली त्यांच्याभोवती दाटल्या. कुणी दशक-एकक मोडून सांगे, कुणी सरळ पाढा म्हणे. शामलाची पाळी आली, बारा आणि पंचवीस निघाले, ती इतका वेळ गप्प राहिली की पद्माने डोळे मिटले. मग शामला म्हणाली, "पंचवीस चोक शंभर. तसे तीन. तीनशे." साहेबांनी दोन्ही पानं तिला नुसती दिली नाहीत, उभं राहून दिली.

अडतीस मुली तपासून झाल्या. प्रत्येकीने दोन पानं परत नेली होती, साहेबांकडे अडतीस उरली होती, आणि पद्माच्या एकदम ध्यानात आलं की तिच्या बिघडलेल्या खेळाने तपासणीचं काम तिच्या आखलेल्या खेळापेक्षा चोख केलं होतं. आपापसात खेळल्या असत्या तर साहेबांना पाच मुलीसुद्धा नीट दिसल्या नसत्या. हे वहीत लिहून ठेवावं म्हणून ती व्हरांड्याकडे दोन पावलं गेली आणि थांबली.

मानसिंगरावही थांबले होते. त्यांनी फॉर्म पुढे ओढला होता आणि उजवा हात पुन्हा खिशाकडे गेला होता.

"दीड वाजत आला," इंदुताई म्हणाल्या. "साहेब, दोनचं टपाल…"

"माझं पेन," मानसिंगराव हळूच म्हणाले.

सगळ्यांनी व्हरांड्याकडे पाहिलं. पेन तिथे फूल डोक्यावर घेऊन पडलं होतं.

"मी नाक्यावरून दुसरं आणते," पद्मा म्हणाली. "दोन मिनिटांत."

"बाई," मानसिंगराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज रागाचा नव्हता, "आपली तलवार पूजेला ठेवायची आणि शेजारच्याची मागून आणायची, असं आमच्या घरात कुणी केलं नाही. उद्या संध्याकाळी सीमोल्लंघन झालं की उचलीन. आज नाही." ते फॉर्मकडे बघत राहिले. "आता गंमत बघा. उद्या सीमा ओलांडायची, आणि एकोणीस दिवसांनी सीमाच राहायची नाही. पण म्हणून उद्याची ओलांडायची सोडून देऊ का?"

साहेबांचं म्हणणं चूक आहे, असं पद्माला म्हणता येईना, आणि बरोबर आहे असं म्हटलं तर तिची नोकरी जात होती. तिने फॉर्म हातात घेतला. वाचण्याला मनाई आहे की नाही, हे तिने कुणाला विचारलं नाही. तपासलेले विद्यार्थी: रिकामी चौकट. उत्तीर्ण: रिकामी चौकट. शेरा: 'कायम करावे / कायम करू नये', नको ते खोडावे. खाली साहेबांच्या टाइप केलेल्या नावापाशी सहीची रेघ.

"साहेब," ती म्हणाली, "लिहायचं नाही. पण चिकटवायला हरकत आहे?"

मानसिंगरावांनी विचार केला. "चिकटवणं म्हणजे लिहिणं नव्हे."

"मग इथे अडतीस हवेत. पानं एकोणतीसपर्यंतच आहेत, पण एकोणीस दुणे अडतीस होतात. दोन चौकटी, चार एकोणीस."

साहेबांनी ढीग उपसला. तीनच एकोणीस निघाले. चौथा एका मुलीच्या हातात होता; दुर्गाने तो घेऊन पाठीमागे नेला. "फुकट नाही, साहेब. लुटून घ्या!"

"दुर्गा!" इंदुताई ओरडल्या.

"बरोबर आहे तिचं," मानसिंगराव म्हणाले. त्यांनी एकवीस उघडला. "गुणाकार! चारशे उणे एक, तीनशे नव्याण्णव!" आणि पान घेतलं. पद्माला शेवटपर्यंत शंका राहिली की दुर्गा मुद्दाम गप्प बसली.

डिंकाची बाटली पूजेत होती. पण कान्होजीमामांकडे सुईदोरा होता. तोरणाची झेंडूची फुलं ओवायची बाकी होती म्हणून सुई तेवढी मांडायची राहिली होती. पलटणीत बटणं लावलेल्या हातांनी त्यांनी चार एकोणीस फॉर्मवर पक्के टाचले. 'कायम करू नये' या शब्दांवर एक अकरा शिवला, म्हणजे ते शब्द दिसेनासे झाले. मग सहीच्या रेघेपाशी सगळे पुन्हा अडले.

मानसिंगराव उठले, व्हरांड्यात गेले, कुंकवाच्या कोयरीत अंगठा बुडवला आणि पेनाला पुन्हा एकदा हात जोडून परत आले. "सत्तावीस वर्षं मी लोकांना हेच सांगतोय की अंगठा लावू नका, सही शिका," ते म्हणाले आणि रेघेवर अंगठा उमटवला. अंगठ्याला साक्षीदार लागतात म्हणून इंदुताईंनी एक आणि कान्होजीमामांनी एक लावला. मामांच्या सायकलने टपाल दोनला सात मिनिटं असताना गाठलं.

दिवाळी आली आणि गेली. त्या दिवाळीच्या पणत्या लोकांनी नव्या राज्यात लावल्या. तेल तेच होतं. एकतीस ऑक्टोबरला पद्माला कुणी घरी बसायला सांगितलं नाही, एक नोव्हेंबरला कुणी ये असंही सांगितलं नाही, म्हणून ती जात राहिली. डिसेंबरच्या मध्यावर भोपाळहून, नव्याने उघडलेल्या कुठल्याशा कचेरीतून, पाकीट आलं.

पहिल्या परिच्छेदात ती कायम झाली होती. तिने तो तीनदा वाचला, मग इंदुताईंना वाचून दाखवला. दुसरा परिच्छेद वाचायला इंदुताईंनीच घेतला, आणि वाचता वाचता त्या खाली बसल्या.

"सदर अहवालावर अंगठा करणारे इसम श्री. मानसिंगराव हे निरक्षर असल्याचे दिसून येत असल्याने, त्यांचे नाव प्रौढ साक्षरतेच्या यादीत दाखल करण्यात येत आहे. सदर शिक्षिका कायम व सक्षम असल्याने त्यांनी शाळा सुटल्यावर त्यांस अक्षर व अंकओळख करून द्यावी, व ते उत्तीर्ण झाल्यावर तसा दाखला पाठवावा."

"त्यांना कळवायचं कसं?" पद्मा घाबरून म्हणाली. "मी आजच भोपाळला खुलासा लिहिते."

खुलासा टपालात पडायच्या आत, सोमवारी चार वाजता, मानसिंगराव स्वतःच फाटकातून आत आले. कोट तोच, पेन खिशात. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी होतं.

"साहेब, माफ करा," पद्मा म्हणाली, "ती चूक भोपाळची आहे, मी लिहिलंय त्यांना…"

"पाठवलं?"

"उद्या टाकणार आहे."

"नका टाकू." ते चौथीच्या वर्गात जाऊन बसकरावर मांडी घालून बसले. "गेल्या आठवड्यात भोपाळला जाऊन आलो, बाई. ज्यांना नव्या राज्यात नेमलं त्यांच्या यादीत माझं नाव शोधलं, नाही. ज्यांना निवृत्त केलं त्यांच्या यादीत शोधलं, तिथेही नाही. बाबू म्हणाला, साहेब, आप तो कहीं हैं ही नहीं। मग निघता निघता भिंतीवर तिसरी यादी दिसली." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "निरक्षर प्रौढ, ग्वाल्हेर विभाग. अनुक्रमांक एक."

मानसिंगरावांनी वर्तमानपत्र सोडलं. आत नवी पाटी होती, धुतलेली, काळी, कोरी. "घरी बजावून ठेवलं होतं, हिला कुणी कुंकू लावायचं नाही म्हणून. घ्या परीक्षा. आदेश आहे."

ती त्यांच्यासमोर बसली. आदेशात अंकओळख होती. पण अंकओळखीचं काहीतरी विचारणं तिच्याच्याने होईना.

"वीस विसे?"

मानसिंगरावांनी पाटीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, खूप विचार केल्यासारखं केलं.

"तीनशे नव्याण्णव," ते म्हणाले.

"चूक," पद्मा म्हणाली.

"अरेरे. मग उद्या परत यावं लागेल तर." त्यांनी पाटी पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली. दारात पोचल्यावर ते वळले. "त्या दुर्गाला पण थांबवा. काल रात्री मी पंचवीस पंचविसे धरून बघितलं. तिथे काहीतरी आहे."

ते गेल्यावर पद्माने चुकांची वही उघडली. शेवटचं पान होतं. पहिल्या रकान्यात तिने त्यांचं नाव लिहिलं, दुसऱ्यात तीनशे नव्याण्णव. तिसऱ्या रकान्याशी ती नेहमीप्रमाणे थांबली नाही. संभाव्य कारण, तिने लिहिलं: यादीत नाव राहावं म्हणून. मग 'संभाव्य' हा शब्द तिने खोडला.